खाली बसवलेल्या जुन्या ट्रकचं स्टेअरिंग घासतंय? रे रोडला जा

पत्ता आधी सांगते, कारण गॅरेजला बोर्ड नाही. हार्बरच्या रे रोड स्टेशनला पूर्वेला उतरायचं, दारुखान्याकडे चालायला लागायचं आणि लोखंडी भंगाराचे ढीग सुरू झाले की कुठल्याही चहावाल्याला "स्टेअरिंगवाले मिस्त्री" विचारायचं. फोन ते उचलत नाहीत. सकाळी लवकर गेलात तर नीट बोलतात, दुपारनंतर ट्रेलरवाल्यांची रांग असते.

माझी गाडी म्हणजे शेव्हरोले ३१००, १९५१ चा पिकअप, उजव्या स्टेअरिंगचा. जनरल मोटर्स १९२८ ते १९५४ शिवडीत गाड्या जोडायची, त्या जमान्यातला. माझा लग्नाच्या डेकोरेशनचा धंदा आहे, नवरा-नवरीला मिरवायला ही गाडी जाते, आणि खाली बसलेली असली की फोटोत रुबाबच वेगळा येतो. म्हणून एका गॅरेजात (नाव घेत नाही) पुढे चार इंच ड्रॉपचा, बाहेरून मागवलेला एक्सल टाकून घेतला, वर पुढच्या पाट्यांतल्या (लीफ स्प्रिंगमधल्या) पट्ट्याही कमी केल्या. रुबाब आला. पण वळणावर स्टेअरिंग पूर्ण मारलं की टाय रॉड (दोन्ही पुढची चाकं जोडणारा दांडा) पाट्याला खर्रकन घासायचा, आणि चाक खड्ड्यात गेलं की स्टेअरिंग हातातल्या हातात फिरायचं. तक्रार घेऊन गेले तर त्यांचं म्हणणं, "टाय रॉडला मध्ये जरा बाक देऊ, सुटेल."

रे रोडच्या मिस्त्रींना हे सांगितलं तर त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "बाक दिलेला रॉड स्प्रिंगसारखा दबतो, ताई. जोर आला की लांबी बदलणार, म्हणजे टो, चाकांची तोंडं आत-बाहेर किती ते, बदलणार. फ्रीवेवर ऐंशीच्या स्पीडला कोण सांभाळणार मग?"

खरं दुखणं कुठे आहे ते त्यांनी गाडीखाली झोपून, टॉर्च मारून मला दाखवलं. ड्रॉप एक्सलची दोन्ही टोकं वर उचललेली असतात. चाकं आपल्या जागी राहतात, पण मधला दांडा, त्यावरचे पाटे आणि चेसी खाली येते. चाकांबरोबर स्टेअरिंग आर्म (चाक वळवणारे लोखंडी हात) मात्र पाट्यांच्या मानाने तेवढेच वर जातात. टाय रॉड पूर्वी जिथून मोकळा जायचा तिथे आता पाटा येऊन बसलाय. ड्रॅग लिंकचं (स्टेअरिंगकडून आर्मपर्यंत येणाऱ्या दांड्याचं) चाकाकडचं टोकही वर गेल्यामुळे ती तिरकी झाली. एक्सल पाट्यावर ज्या कमानीत हलतो आणि ड्रॅग लिंक ज्या कमानीत, त्या जुळत नाहीत, म्हणून प्रत्येक खड्डा गाडी वळवतो. एक्सल जेवढा ड्रॉप, तेवढेच आर्म खाली आणायचे. दोन्ही दुखण्यांवर औषध एकच.

असे खाली वाकलेले आर्म अमेरिकेत तयार मिळतात, पण ते डाव्या स्टेअरिंगचे. आपल्याकडे ड्रॅग लिंक उजव्या आर्मला लागते, त्यामुळे ती जोडी उपयोगाची नाही. जुनेच आर्म तापवून वाकवणारे मुंबईत पुष्कळ आहेत. मिस्त्रींनी त्याला साफ नकार दिला आणि ईएन २४ या मजबूत पोलादाच्या जाड तुकड्यातून नवे काढले.

इथली खरी कमाल मोजमापात आहे. किंगपिनपासून (चाक जिच्याभोवती वळतं ती उभी पिन) मागच्या एक्सलच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी दोरी ताणली आणि नव्या आर्मचं भोक वरून बघताना त्याच दोरीवर ठेवलं. आर्म फक्त खाली आला, आत-बाहेर सरकला नाही. सरकला असता तर वळताना दोन्ही पुढची चाकं आपापल्या मर्जीने गेली असती आणि टायर कापले असते. भोक निमुळतं करायला टेपर रीमर मारल्यावर बॉल जॉइंटच्या पिनला निळा रंग फासून आत फिरवला, पिन बाहेर काढली आणि रंग सगळीकडे सारखा पुसला गेलाय का ते उन्हात धरून पाहिलं. एका कडेला निळं उरलं होतं. पुन्हा रीमर, पुन्हा रंग. मी "चालेल की" म्हणाले, तर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मग टाय रॉड आणि पाट्याच्या मधे पोरांची खेळायची क्ले लावली, गाडी पूर्ण दाबून स्टेअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवलं आणि चेपलेली क्ले मोजली. अर्ध्या इंचाच्या खाली त्यांना चालत नाही. खालच्या बाजूलाही हिशेब असतो: दोन रिमच्या तळाला दोरी लावली आणि नवा टाय रॉड तिच्या वर राहतो हे बघितलं. टायर फुटून गाडी रिमवर आली तरी रॉड रस्त्याला लागता कामा नये.

आता न आवडलेल्या गोष्टी. काढलेल्या पट्ट्यांपैकी एक त्यांनी परत घालायला लावली, नाहीतर ड्रॅग लिंक आडवी येईना. गाडी इंचभर उचलली गेली आणि मला ते आजही फोटोत दिसतं. लॉकचे स्टॉपर (चाक किती वळेल ते अडवणारे) पुढे घेतल्याने गाडी आता जास्त जागेत वळते. गिरगावच्या वाडीत शिरताना एक रिव्हर्स जादा मारावा लागतो. बिल पुठ्ठ्यावर पेनाने. साधारण बावीस हजार झाले, अलाइनमेंट धरून. सांगितलेल्या तारखेला गाडी मिळेल ही आशा ठेवू नका, लग्नसराई तोंडावर असेल तर मुळीच नाही.

परत येताना मुद्दाम ईस्टर्न फ्रीवे घेतला. तिथल्या जॉइंटवर आधी स्टेअरिंग थडथड उडायचं, आता नुसता धक्का सीटला जाणवतो, स्टेअरिंग जागचं हलत नाही.

चेसीवर त्यांनी एकही वेल्डिंग केलं नाही, सगळं बोल्टवर आहे. मूळ एक्सल आणि मूळ आर्म ग्रीस लावून पोत्यात गुंडाळून दिले. हे मला फार पटलं, कारण २०२१ च्या व्हिंटेज नियमांत पन्नास वर्षांवरची गाडी मूळ रूपात असावी लागते, आणि एरवीही मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे गाडीतल्या बदलांचा प्रश्न आरटीओत निघतोच. उद्या तसा अर्ज करायचा झाला तर पोतं उघडायचं.

नुसता लूक हवा असेल, स्टेअरिंगचं बघू नंतर असं म्हणणार असाल, तर ते गाडी आत घेत नाहीत. माझ्यासमोर एका जीपवाल्याला परत पाठवलं. काम झाल्यावर पाचशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट आवळायला आणि कॉटर पिना तपासायला परत बोलावतात, त्याचे पैसे घेत नाहीत. पैसे रोखच घेऊन जा.