पोळ्यापासून वेचणीपर्यंत: फोन आपोआप करतो त्या आठवणींच्या व्हिडिओंचा आठ महिन्यांचा अनुभव

मागच्या पोळ्याच्या चार दिवस आधी नवा फोन घेतला. पंधरा हजारांच्या आतला, साधाच. त्याच्या गॅलरीत एक सोय आहे. आपण काढलेल्या क्लिपा तो स्वतःच निवडतो, कापतो, जोडतो, खाली संगीत लावतो आणि सकाळी सांगतो की तुमची आठवण तयार आहे. कंपनीचं नाव घेत नाही, कारण या ना त्या नावानं ही सोय आता बऱ्याच फोनांत आहे. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, आर्णीकडचे. घरात बायको, मुलगा आणि माय. मुलगी नागपूरला शिकते, सणाला येणं जमतंच असं नाही. हे व्हिडिओ मुख्यतः तिच्यासाठी.

पहिला व्हिडिओ पोळ्याचा झाला. आदल्या सांजेची खांदेमळणी, बैलांच्या खांद्याला हळद-तूप लावणारे मुलाचे हात, सकाळी नाल्यावर बैल धुणं, शिंगांना बेगड, झुली, तोरणाखाली उभ्या जोड्या, अशा बावीस क्लिपा मी काढल्या होत्या. सगळ्यांत मोठी होती साडेचार मिनिटांची, झडत्यांची, म्हणजे पोळ्याला तोरणापाशी म्हणतात त्या कवनांची. एकानं झडती म्हणायची, दुसऱ्यानं तिला तोडीस तोड झडती टाकायची, आणि प्रत्येक झडतीच्या शेवटी सगळ्या गावानं महादेवाचा गजर करायचा. आमच्या गावात झडत्या तोंडपाठ असलेली आता तीनच माणसं राहिली आहेत.

फोननं ५२ सेकंदांचा व्हिडिओ केला. दिसायला खरोखर देखणा. बैलाच्या डोळ्याजवळून सुरुवात, मग झुलीचा लाल रंग, मग मुलाचं हसू. मी इतकं नीट जोडू शकलो नसतो. पण झडत्यांच्या क्लिपमधून त्यानं दोन सेकंद उचलले, तेही म्हातारबा हसले तेवढेच. आणि सगळ्यावर गिटार.

मायला दाखवला. तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्यानं अंधूकच दिसतं. दोन-दोन सेकंदांत बदलणारी चित्रं तिच्या नजरेत ठरत नाहीत. तिनं फोन कानाशी धरला. "काहून रे बापू, घुंगराचा आवाज कुठी गेला? अन् झडती? पाहाले त मले दिसत नाई, आयकू तरी येऊ दे."

त्या दिवसापासून मी ही सोय तिच्या कानानं तपासतो आहे.

इतक्या महिन्यांत फोनची रीत ध्यानात आली. तो तारीख, ठिकाण आणि चेहरे पाहून क्लिपा एकत्र करतो. हललेली किंवा अंधारातली क्लिप मागे टाकतो, एकसारख्या दोन असल्या तर एक ठेवतो, हसरा चेहरा पुढे आणतो आणि संगीताच्या ठेक्यावर काप मारतो. हे काम तो बहुधा रात्री चार्जिंगला लावल्यावर करतो. रात्री लाइट गेली की व्हिडिओ दोन दिवसांनी येतो. कोण काय बोलतंय, याला त्याच्या लेखी फारशी किंमत नाही.

भुलाबाईच्या वेळी हे पुन्हा दिसलं. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर गल्लीतल्या पोरी सांजेला गाणी म्हणतात, मग झाकलेली खिरापत ओळखायची. सगळं दिवेलागणीनंतरचं, अंगणात एक बल्ब. मी सात-आठ दिवस क्लिपा काढल्या. फोननं त्यातली एकही घेतली नाही. त्या महिन्याच्या व्हिडिओत आमचं कुत्रं तीनदा आलं.

उपाय मुलीनं दिवाळीत सांगितला. तयार व्हिडिओ उघडून 'संपादन' दाबलं की संगीत बंद करता येतं आणि क्लिपचा मूळ आवाज वाढवता येतो. प्रत्येक तुकड्याची दोन्ही टोकं ओढून त्याला लांबही करता येतं. हव्या त्या क्लिपा स्वतः निवडून दिल्या तर फोन फक्त जोडणीचं काम करतो, आणि ते तो चांगलं करतो. आता झडती असो की गाणं, मी तुकडा पुरा ठेवतो. बाकीची सजावट त्याच्यावर सोडतो.

एका गोष्टीनं मात्र मन फार दुखलं. भादव्यातल्या जुन्या अतिवृष्टीत आमच्या खालच्या वावरात कमरेइतकं पाणी साचलं होतं. पीक विम्यासाठी तेव्हा नुकसान ७२ तासांच्या आत कळवावं लागे, म्हणून आडव्या पडलेल्या पऱ्हाटीचे आणि पिवळ्या पडलेल्या सोयाबीनचे व्हिडिओ काढून ठेवले होते. जुन्या फोनमधून ते नव्यात आले. एका सकाळी फोननं तेच उचलून 'पावसाळी दिवस' म्हणून आनंदी संगीतासह समोर ठेवले. बायकोनं पाहिलं आणि काही न बोलता उठून गेली. त्या तारखा आठवणींतून लपवायची सोय सेटिंगमध्ये आहे, माणसाचा चेहराही लपवता येतो. ज्यांच्या घरात कोणी गेलं असेल त्यांनी हे पहिल्याच दिवशी करून घ्यावं, एवढं कळकळीनं सांगतो.

लग्नसराईतली अडचण वेगळी. पुतणीच्या लग्नाच्या क्लिपा पाहुण्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर महिनाभर पाठवल्या. व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ दाबून लहान करतं आणि तो काढल्याची मूळ तारीख-ठिकाण सोबत येत नाही. त्यामुळे हळद एका व्हिडिओत, तर मंगलाष्टका हरभऱ्याच्या सोंगणीत जाऊन बसल्या. आता सगळ्यांना सांगतो की क्लिप 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. मग ती जशीच्या तशी येते.

जागेचं थोडक्यात. व्हिडिओ किती बारकाईनं टिपायचा ते कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ठरवता येतं: १०८० वर एका मिनिटाला साधारण १३० एमबी जातात, त्याहून बारीक ४के वर त्याच्या अडीचपट. गूगलची फुकट जागा १५ जीबी, तीही मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून, आणि १ जून २०२१ पासून दाबलेले फोटो-व्हिडिओही त्यात मोजले जातात. म्हणजे १०८० चे जेमतेम दोन तास. मी १०८० वरच काढतो आणि दर महिन्याला मूळ क्लिपा पेनड्राइव्हवर उतरवतो. फोननं केलेला व्हिडिओ आहे म्हणून मूळ क्लिप पुसू नका. तो ५२ सेकंदांचा पोळा मी आता मूळ क्लिपा घेऊन पुन्हा केला, सात मिनिटांचा. मुलीनं होस्टेलवर मैत्रिणींना दाखवला.

सीतादहीचा व्हिडिओ आतापर्यंतचा सगळ्यांत चांगला झालाय. वेचणीच्या पहिल्या दिवशी वावरात दहीभाताचा नैवेद्य, मग बाया ओळीनं कापूस वेचायला लागल्या. फोननं चित्रं छान निवडली, मी संगीत काढून टाकलं. बोंडातून कापूस ओढल्याचा बारीक आवाज, धुऱ्यावरून कोणीतरी पाणी मागणं, बायांच्या गप्पा, सगळं जागच्या जागी. मायनं तो कानाशी धरून तीनदा ऐकला आणि कोण कोण बोलतंय ते नावानिशी सांगितलं. त्यातल्या दोघी मलाही ओळखू आल्या नव्हत्या.

फोन घ्यायचा असेल तर या सोयीसाठी म्हणून जास्तीचे पैसे घालू नका. तिला लागणारा वेळ आणि लक्ष आपल्यालाच द्यावं लागतं. असलेल्या फोनमध्ये ती असेल, तर जरूर वापरा.

येत्या पोळ्याआधी मी तिघा म्हाताऱ्यांच्या झडत्या वेगळ्या रेकॉर्ड करणार आहे. तोरणापाशी डीजेच्या गोंधळात नाही, एकेकाच्या ओसरीवर बसून, फोन जवळ धरून. एकांशी बोलणं झालंय. ते म्हणाले, उन्हाळाभर थांब, मधल्या काही ओळी विसरलो आहे, त्या आठवून ठेवतो.