'कॅरी' बघायचा तर कुठला: १९७६चा की २०१३चा?

छळ सोसलेल्या, नुसत्या मनाने वस्तू हलवू शकणाऱ्या मुलीच्या सूडाचा पिक्चर म्हणून 'कॅरी'चं नाव निघालं की पाठोपाठ प्रश्न येतो, कुठला? ब्रायन डी पाल्माचा १९७६चा, की किंबर्ली पीअर्सचा २०१३चा? २००२मध्ये टीव्हीसाठीही एक झाला होता, तो इथे बाजूला ठेवतो. स्टीफन किंगची १९७४ची मूळ कादंबरी बहुतेकांना ऐकून तरी माहीत असते, म्हणून कथा सांगत बसत नाही. शेवटाबद्दल मात्र पुढे बोललोय, तेवढं लक्षात असू द्या.

आमच्याकडे साताऱ्यात, शाहूपुरीतल्या घरी, माझी भाची आणि तिचे कॉलेजचे मित्रमैत्रिणी अधूनमधून पिक्चर बघायला जमतात. त्यांना दोनांतला एकच दाखवायचा होता. मी आधी दोन्ही पाहिले आणि जुना लावला. तुमचं मत वेगळं पडू शकतं, कारण नव्याच्या बाजूनेही बोलण्यासारखं बरंच आहे.

म्हणून आधी नव्याचंच सांगतो. बाथरूममध्ये कॅरीला पहिल्यांदा पाळी येते, ती घाबरून ओरडते आणि बाकीच्या मुली तिला हसतात, हा प्रसंग दोन्हींत आहे. २०१३मध्ये एक मुलगी मोबाईल काढून त्याचं शूटिंग करते, ते इंटरनेटवर टाकते, आणि पुढे पार्टीच्या रात्री भर हॉलमध्ये पडद्यावर तेच चालवलं जातं. नव्या काळासाठी केलेल्या बदलांत हा सगळ्यात अस्सल. आमच्या पोरांनी नंतर नवाही पाहिला, तेव्हा या जागी खोलीत कुणी बोललं नाही. त्यांच्यातल्या प्रत्येकाला असा एखादा व्हिडिओ आणि त्यातली ती मुलगी माहीत असते.

दुसरं, तोच प्रसंग जुन्यात बघताना अवघडायला होतं. डी पाल्माचा कॅमेरा स्लो मोशनमध्ये मुलींच्या उघड्या अंगांवरून फिरत राहतो, आणि त्या रेंगाळण्याची गोष्टीला गरज नाही. पीअर्सने ते सगळं काढून टाकलंय. घरातली मोठी माणसं सोबत बसणार असतील तर हा फरक लहान नाही. आणि हा विषय आपल्याकडेही घरोघरचा आहे. कावळा शिवला म्हणून कोपऱ्यात बसवलेल्या बायका आमच्या जिल्ह्यातल्या गावांत अजून सांगतात की त्यांनाही आधी कुणी काही सांगितलं नव्हतं. कॅरीची आई पाळीला पाप म्हणते, तेव्हा हा अमेरिकेचा पिक्चर आहे हे क्षणभर विसरायला होतं.

आईच्या कामात मी कुणाला डावं-उजवं ठरवणार नाही. जुन्यात पायपर लॉरी, नव्यात ज्युलियन मूर. लॉरी प्रवचन दिल्यासारखी खणखणीत बोलते. मूर कुजबुजते, आणि बोलता बोलता स्वतःच्याच अंगाला इजा करून घेते. शिवणाचं टोकदार अवजार मांडीत खुपसत ती समोरच्या बाईशी बोलत राहते, तो प्रसंग माझ्या मनातून अजून जात नाही.

एवढं सगळं असून नवा मला का चालला नाही, तर हातांमुळे.

नव्या पिक्चरमध्ये कॅरी झालेली क्लोई ग्रेस मोरेट्झ काहीही हलवायचं झालं की हात उचलते. दार बंद करायचं, हात पुढे. माणूस फेकायचा, हात झटकायचा. खोलीत सराव करताना हे एक वेळ चालून जातं. पण पार्टीत छळणाऱ्यांनी वर टांगलेली रक्ताची बादली अंगावर उपडी झाल्यावर सबंध हॉल पेटवताना ती वाद्यवृंदाला इशारे देणाऱ्या संचालकासारखी हातवारे करत राहते. पहिल्या हातवाऱ्यालाच माझी भीती उतरली, ती शेवटपर्यंत परत आली नाही. सुपरहिरोंच्या पिक्चरांतून आपण हे इतक्या वेळा पाहिलंय की ती मुलगी तुटल्याचं दिसायचं राहून जातं आणि तिची पॉवर तेवढी दिसते.

जुन्यातली कॅरी, सिसी स्पेसेक, त्या जागी काय करते, तर जवळजवळ काहीच करत नाही. रक्तात न्हालेली, अंग ताठ, हात शरीरापासून जरा सुटलेले, बोटं ताणलेली, आणि डोळे इतके उघडे की ते मिटतील याची आपणच वाट बघतो. मान एकदम वळते आणि तिकडचं दार बंद होतं. पुन्हा वळते, आग विझवायचा पाइप सुटतो. डी पाल्मा इथे पडदा मधोमध कापतो. एका बाजूला तिचा चेहरा, दुसऱ्या बाजूला हॉलमध्ये चाललेला हाहाकार. या दोहोंना जोडणारं मध्ये काही दिसत नाही, ते जोडायचं काम आपल्यावर येतं. भाची तेव्हा हळूच म्हणाली, "मामा, ती काही करतच नाहीये, त्याचीच भीती वाटतेय."

मला हे इतकं का खुपलं, याचं एक कारण साताऱ्यात असावं. हे डॉ. नरेंद्र दाभोलकरांचं गाव. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते भानामतीची प्रकरणं कशी सोडवत, हे इथे पुष्कळांनी ऐकलेलं असतं. घरावर दगड पडतात, वाळत घातलेले कपडे पेटतात, सगळं घर हादरलेलं असतं. आणि शोध घेतला की बहुतेकदा घरातलंच कुणीतरी निघतं, मनाने पिचलेलं, ज्याला तोंड उघडायची सोयच नाही. कधी सून, कधी वयात आलेली मुलगी. कार्यकर्ते तिचं नाव गावात फोडत नाहीत, तिला आधार देतात, उपचार मिळवून देतात. 'कॅरी' मला याच मुलीची गोष्ट वाटते, फक्त तिची शक्ती खरी आहे. भानामतीच्या गोष्टीत माणूस घाबरतो ते वस्तू हलते आणि कुणाचा हात दिसत नाही म्हणून. नव्या पिक्चरने नेमका तो हात दाखवला. गंमत म्हणजे घरावर दगड पडण्याचा प्रसंग नव्यातच आहे, जुन्यात घर नुसतं खचतं आणि जळतं. म्हणजे भानामतीचा तपशील नव्याने घेतला, तिची भीती मात्र जुन्याकडेच राहिली.

जुन्यात हात येतो तो अगदी शेवटी, थडग्यातून. तोवर तो राखून ठेवला म्हणून त्या जागी आमच्या खोलीतली झाडून सगळी पोरं ओरडली. हा धक्का नंतर इतक्यांनी उचलला की आता तो लागू होणार नाही असं मला वाटलं होतं. पण लागू झाला.

सूड कसा घेतला जातो, यातही फरक आहे, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. जुन्यात कॅरीशी माणुसकीने वागलेली शिक्षिकाही मरते. हॉलमधले सगळेच हसत नसतात, पण आईने मनावर कोरलेलं "सगळे तुला हसतील" हेच तिला दिसतं, आणि मग कोण आपलं, कोण परकं, हा हिशेब उरत नाही. नव्यात कॅरी शिक्षिकेला उचलून वाचवते. मूळ कादंबरीतही ती शिक्षिका जगते, त्यामुळे याला चूक म्हणवत नाही. पण निवडून निवडून गुन्हेगारांना शिक्षा झाली की बघणारा सुटतो, टाळी वाजवून घरी जातो. जुन्यात तशी सुटका मिळत नाही. आमच्याकडे त्या शिक्षिकेच्या मरणावरून रात्री उशिरापर्यंत वाद चालला. नव्यानंतर असा वाद झाला नाही.

पीअर्सकडून माझी अपेक्षा मोठी होती. 'बॉईज डोन्ट क्राय' या १९९९च्या पिक्चरमध्ये तिने गावाने छळलेल्या तरुणाची गोष्ट अंगावर येईल अशी सांगितली होती. 'कॅरी'साठी याहून योग्य दिग्दर्शिका मलाही सुचली नसती. पण जुन्याची पटकथा लिहिणाऱ्या लॉरेन्स कोहेनचं नाव नव्याच्याही पटकथेवर आहे, आणि पुष्कळ प्रसंग त्याच क्रमाने, जवळपास त्याच संवादांसह येतात. मोबाईल आला, आईचं दुखणं खोल गेलं, तरी सांगाडा तोच राहिला. पीअर्सला मोकळं सोडलं असतं तर कदाचित मी आज दुसरं काही लिहिलं असतं.

जुन्यातही खटकणाऱ्या गोष्टी आहेत. मुलं पार्टीसाठी सूट घालून बघतात तो प्रसंग मध्येच फास्ट फॉरवर्ड केल्यासारखा पळवलाय, तो तेव्हाही कुणाला हसू आणत असेल का, शंका आहे. पहिला अर्धा तास आमच्याकडे मोबाईल चालूच होते. पिनो डोनाज्जिओचं संगीत काही ठिकाणी फार गोड आहे. आणि पंचविशी ओलांडलेली स्पेसेक शाळकरी म्हणून चालेल का, असं आधी वाटतं. मोरेट्झ खरोखरच त्या वयाची होती. तरी वर्गात अंग चोरून बसलेली, कुणाच्या नजरेला नजर न देणारी मुलगी मला स्पेसेकमध्ये दिसली. मोरेट्झ केस मोकळे सोडायच्या आधीही आत्मविश्वासाची वाटते. स्पेसेक आणि लॉरी दोघींना ऑस्करची नामांकनं मिळाली होती. भुताखेतांच्या पिक्चरला हा मान क्वचित मिळतो.

शाळकरी मुलांना दोन्हींतला कुठलाच दाखवू नका. आई, मावशी अशी मंडळी सोबत असतील, किंवा मोबाईलवरच्या छळाबद्दल कॉलेजच्या मुलांशी बोलायचं असेल, तर २०१३चा लावा, त्यात कमीपणा नाही. एरवी जुना. आणि दोन्ही बघायचं ठरवलंत तर जुना आधी बघा. प्रसंग तेच असल्याने नवा आधी पाहिला तर जुन्यातली बादली कधी पडणार हे तुम्हाला माहीत असेल, आणि दोरी, बादली, खाली हसणारी कॅरी असं डी पाल्माने जे लांबवत नेलंय, ते सगळं वाया जाईल.