एका विषयाची बीए की आंतरविद्याशाखीय पदवी? फी भरण्याआधी क्रेडिट मोजा

माहितीपत्रकातलं ‘सर्वांगीण विकास’ वगैरे बाजूला ठेवा आणि दोन्हीकडचे क्रेडिटचे तक्ते समोर घ्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर 2022 च्या आराखड्यात तीन वर्षांची पदवी किमान 120 क्रेडिटची आहे. एका विषयाची बीए केली तर त्यातली निदान 60 मेजरची (मुख्य विषयाची) आणि 24 मायनरची (जोडविषयाची). अनेक विषय एकत्र शिकवणाऱ्या आंतरविद्याशाखीय पदवीत ही 84 क्रेडिट घटक विषयांत वाटली जातात. समजा इतिहास, अर्थशास्त्र आणि साहित्य असे तीन विषय सारख्या वाट्याने घेतले, तर प्रत्येकाला 28 येतात, म्हणजे मायनरपेक्षा जेमतेम एक पेपर जास्त. तासांत बघायचं तर थिअरीचं एक क्रेडिट 15 तासांचं. इतिहास मेजर घेणाऱ्याला इतिहासाचे 900 तास मिळतात, तीन विषय घेणाऱ्याला 420.

महाराष्ट्रात 2023 च्या शासन निर्णयानुसार तीन वर्षांची पदवी 132 क्रेडिटपर्यंत जाऊ शकते आणि त्यात ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या विद्याशाखेतला ऐच्छिक विषय), भारतीय ज्ञानप्रणाली, क्षेत्रकार्य, ऑन जॉब ट्रेनिंग असं बरंच काही बसवलेलं आहे. त्यामुळे आजची ‘एका विषयाची’ बीएसुद्धा पूर्वीइतकी एकसुरी नाही. खरं तर पूर्वीही नव्हती. पुण्यात जनरल (सर्वसाधारण) आणि स्पेशल (खास विषयाचे) पेपर होते, मुंबईत टीवायला सहा पेपर एकाच विषयाचे किंवा दोन विषयांचे तीन-तीन घेता येत.

कमी तासांचा फटका बसतो तो विषयाच्या माहितीला नाही, पद्धतीला. माहिती पुस्तकातून भरून काढता येते. पण मोडी वाचायला बसणं, सरकारी दप्तरातल्या एका कागदाची दुसऱ्याशी पडताळणी करणं, किंवा अर्थशास्त्रात आधी गणित, मग संख्याशास्त्र, मग अर्थमिती (आकडेवारीवरून आर्थिक सिद्धांत तपासणं) अशी उतरंड चढणं, याला सलग सत्रं लागतात. आंतरविद्याशाखीय विद्यार्थ्याची गाडी नेमकी इथे अडते. तिसऱ्या वर्षी हवा तो पेपर यादीत असतो, पण त्याची पूर्वअट असलेला पेपर पहिल्या वर्षी घेतलेला नसतो. म्हणून प्रवेशाच्या वेळीच शेवटच्या वर्षाची यादी मागवा आणि उलट्या क्रमाने मागे या.

मग आंतरविद्याशाखीय पदवीतून मिळतं काय? 1972 चा दुष्काळ घ्या. इतिहासवाला 1880 च्या दुष्काळ आयोगापासून सुरुवात करतो, कारण सरकारी दुष्काळी कामांची चौकट तिथून घडत आली. अर्थशास्त्रवाला विचारतो, की बाजारात धान्य असलं तरी शेतमजुराच्या हातात ते घ्यायला पैसा कुठून येणार. तिथून तो 1977 च्या रोजगार हमी कायद्यापर्यंत पोचतो. भूगोलवाला सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतले तालुके दाखवतो. साहित्यवाला शोधतो, की खडी फोडणाऱ्या बाईचं म्हणणं कोणत्या कागदावर उतरलं आणि कोणत्या शब्दांत. चौघेही बरोबर, पण एकेकट्याचं उत्तर अपुरं. हे चारही धागे एका निबंधात ओवायला शिकवणारा अभ्यासक्रम असेल, तर एका विषयातला 480 तासांचा (900 वजा 420) तोटा सोसण्यासारखा आहे.

असा अभ्यासक्रम आहे की नाही, हे ओळखायची खूण साधी आहे. दोन विभागांचे प्राध्यापक मिळून शिकवतात असा निदान एक पेपर दरवर्षी असावा आणि शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला दोन विषयांचे मार्गदर्शक मिळावेत. यांपैकी काहीच नसेल आणि नुसती निरनिराळ्या विभागांच्या पेपरांची यादी असेल, तर तुम्ही जास्त फी देऊन तीन मायनर घेताय. आमच्या मते त्यापेक्षा चांगला मायनर देणारी साधी बीए केव्हाही बरी.

पुढच्या वाटांपैकी सगळ्यात काटेकोर वाट शाळेतल्या शिक्षकाची. केंद्रीय विद्यालयात सामाजिक शास्त्राचा टीजीटी (पदवीधर प्रशिक्षित शिक्षक) व्हायचं तर इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र यांपैकी दोन विषय पदवीच्या तिन्ही वर्षांत शिकलेले लागतात आणि त्यांत इतिहास किंवा भूगोल हवाच. पहिलं वर्ष फक्त पायाभूत पेपरांत गेलं, किंवा गुणपत्रिकेवर विषयाऐवजी ‘समाज आणि संस्कृती’ असं काही छापून आलं, की इथे अडचण येते. शिक्षक व्हायचं नक्की असेल तर एका विषयाची बीए घ्या आणि मायनरही शालेय विषयातलाच ठेवा.

बाकीच्या वाटा सैल आहेत. तीन वर्षांच्या एलएलबीला कोणतीही पदवी चालते. यूपीएससीलाही चालते, मुख्य परीक्षेत वैकल्पिक विषयाचे 500 गुण असतात, पण तो विषय पदवीचाच असावा असं बंधन नाही. एमएसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2024 च्या आराखड्याने प्रवेश परीक्षा देऊन वेगळ्या विषयात जायची मुभा दिली आहे. चार वर्षांच्या पदवीत 75 टक्के असतील तर नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा देऊन थेट पीएचडीकडे जाता येतं, तेही पदवीपेक्षा वेगळ्या विषयात. मात्र सहायक प्राध्यापकाच्या नोकरीला पदव्युत्तर पदवी लागतेच.

पैशाचं गणित उघड आहे. अनुदानित महाविद्यालयातली बीए वर्षाला काही हजारांत होते. फ्लेम, सिम्बायोसिस, अशोका यांसारख्या खाजगी विद्यापीठांत आकडा लाखांत जातो. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरची तुमची शिष्यवृत्ती तिथे लागू होते का, हे प्रवेशाआधी लेखी विचारा, तोंडी आश्वासनावर जाऊ नका. भाषेचा मुद्दाही त्याच तोलाचा आहे. राज्य विद्यापीठांत कला शाखेचे बहुतेक पेपर मराठीतून लिहिता येतात. खाजगी विद्यापीठांतल्या लिबरल आर्ट्‌स म्हणवणाऱ्या आंतरविद्याशाखीय पदव्यांमध्ये आठवड्याचं वाचन आणि निबंध सगळं इंग्रजीत असतं, शिवाय गुण सत्रभर तुकड्या-तुकड्यांनी मिळत असल्यामुळे शेवटच्या महिन्यात रट्टा मारून सावरता येत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना पहिलं सत्र जड जातं, म्हणून त्या सत्रात कमीत कमी क्रेडिट घेऊ देतात का, ते विचारा.

साध्या महाविद्यालयातले खड्डे वेगळे. कागदावर दहा मायनर असतात, पण पुरेशी मुलं न आल्याने त्यातले बरेच सुरूच होत नाहीत. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या विद्याशाखेतून घ्यायचं असतं. लहान कला महाविद्यालयात ती शाखाच नसते, मग उपलब्ध शिक्षकाला जमेल तो विषय माथी पडतो. चौथं वर्षही सगळीकडे नाही. मागच्या वर्षी प्रत्यक्षात भरलेल्या वर्गांचं वेळापत्रक कार्यालयात मागा. ते दाखवायला टाळाटाळ झाली, तर दुसरं महाविद्यालय बघा.