चपाती, पोट आणि साडेसात हजार

चपाती खाल्ली की पोट टम्म, म्हणून आधी एका लॅबचं फूड इन्टॉलरन्स पॅकेज केलं. घरी येऊन रक्त नेलं, रिपोर्ट एकदम रंगीत, गहू लाल, दूध लाल, वांगंपण लाल! साडेसात हजार गेले. ती आयजीजी (रक्तातल्या एका प्रकारच्या अँटिबॉडीची) टेस्ट निघाली, त्यातून फार तर तो पदार्थ आपल्या खाण्यात आहे एवढंच कळतं. लॅबला एक स्टार, तोही रक्त काढणाऱ्या मुलाचा हात हलका होता म्हणून.

दादरच्या पोटाच्या डॉक्टरांना मात्र पाच. दीड तास वेटिंग, एसी बंद, पण माणूस ऐकून घेतो. पहिलंच वाक्य, गहू सोडू नका, कारण सीलिअ‍ॅकची (गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणारा आजार) टीटीजी नावाची रक्ताची टेस्ट गहू खात असतानाच करायची, नाहीतर खोटी निगेटिव्ह येऊ शकते. आणि मी तर महिनाभर भाकरीवर, म्हणजे परत चपाती सुरू नि परत तीच बोंब.

सीलिअ‍ॅक नाही, गव्हाची अ‍ॅलर्जीपण नाही. सेन्सिटिव्हिटीची, म्हणजे हे दोन्ही नसताना गव्हाने त्रास होण्याची, वेगळी ब्लड टेस्टच नसते, म्हणून सहा आठवडे गहू बंद, मग परत खायचा आणि रोज वहीत लिहायचं. ही सेन्सिटिव्हिटी ओळखायच्या 2015 च्या सालेर्नो निकषांत तर ग्लुटेन कधी दिलं नि डमी कधी, हे पेशंटला नि डॉक्टरलाही माहीत नसतं, कारण नुसत्या भीतीनेही पोट फुगतं. तेवढं क्लिनिकमध्ये जमत नाही म्हणाले.

मला कांद्यानेही तसंच होतं, त्यामुळे आता संशय ग्लुटेनपेक्षा फ्रुक्टानवर, म्हणजे गहू नि कांदा दोन्हींत असलेल्या एका कर्बोदकावर. वडापाव सध्या नुसता वडा.