रोजची सुई की आठवड्याची?

जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ नावाचं हार्मोन सुटतं आणि पोट भरल्याची वर्दी मेंदूला देतं. पण रक्तात ते जेमतेम दोन मिनिटं टिकतं. डीपीपी-४ हे एन्झाइम त्याचा फडशा पाडतं. वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांत याच हार्मोनची नक्कल असते, आणि त्यांची सगळी कारागिरी ही दोन मिनिटं लांबवण्यात आहे.

युक्ती अशी, की औषधाच्या रेणूला स्निग्धाम्लाची शेपटी जोडायची. मग तो रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून फिरत राहतो. लिराग्लुटाइड या औषधाची शेपटी १६ कार्बन अणूंची. १३ तासांत औषध निम्मं होतं, म्हणून रोज टोचायचं. सेमाग्लुटाइडची १८ची, शिवाय एन्झाइम जिथे घाव घालतं तिथलं अमिनो आम्लच बदललेलं. निम्मं व्हायला आठवडा. टिर्झेपटाइडची २०ची, निम्मं व्हायला पाच दिवस, आणि ते जीआयपी या दुसऱ्या हार्मोनचंही काम करतं. ही दोन्ही आठवड्यातून एकदाच.

वजन किती उतरतं, याच्या समोरासमोर चाचण्या झाल्या आहेत. ६८ आठवड्यांत लिराग्लुटाइडने सरासरी ६.४ टक्के, सेमाग्लुटाइडने १५.८ टक्के. दुसऱ्या चाचणीत ७२ आठवड्यांनी सेमाग्लुटाइड १३.७, टिर्झेपटाइड २०.२. रोजची सुई इथेच मागे पडते. नुसतं वजनच बघायचं तर मी टिर्झेपटाइड म्हणेन. मात्र आधी हार्ट अटॅक येऊन गेला असेल तर सेमाग्लुटाइडचं पारडं जड: मधुमेह नसलेल्या हृदयरुग्णांत हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण त्याने २० टक्क्यांनी घटवलं.

पण जे उशिरा संपतं ते उशिराच सुटतं. मळमळ, उलट्या सोसवेनाशा झाल्या तर लिराग्लुटाइड बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत अंगातून जातं. सेमाग्लुटाइडला पाच ते सात आठवडे लागतात. म्हणून दिवस राहावेत असं वाटत असेल तर सेमाग्लुटाइड दोन महिने आधी थांबवायचं. टिर्झेपटाइड सुरू केल्यावर, आणि दर वेळी डोस वाढवल्यावर, चार आठवडे नुसत्या गर्भनिरोधक गोळीवर विसंबू नये. तिन्हींमुळे अन्न पोटात रेंगाळतं, तेव्हा ऑपरेशन ठरलं तर भूलतज्ज्ञांना आठवणीने सांगा. घरात कुणाला मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर झाला असेल तर तिन्ही वर्ज्य.

खर्चाचा हिशेब महिन्याचा करू नका, वर्षांचा करा. सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आल्याचं दिसलं आहे. भारतात मोंजारो (टिर्झेपटाइड) मार्च २०२५ मध्ये आलं, वेगोव्ही (सेमाग्लुटाइड) त्याच जूनमध्ये. सेमाग्लुटाइडचं इथलं पेटंट मार्च २०२६ पर्यंतचंच, त्यामुळे खिशाचा प्रश्न असेल तर डॉक्टरांकडे आधी त्याचीच चौकशी करावी.

आणि हो, आठवड्याची सुई घेणार असाल तर वार जपून निवडा. लग्नाच्या पंगतीच्या आदल्या दिवशी डोस वाढवलात, तर जिलबीकडे बघवणारही नाही.