१६ इंची टेबल माग : विणायचंही आहे आणि भरायचंही, त्यांच्यासाठी

टेक्स्टाइल डिझाइनच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी हा माग घेतला. चार शाफ्ट (ताणे, म्हणजे उभे धागे, वर-खाली करणाऱ्या चौकटी), सागवानी चौकट, शाफ्ट उचलायला बाजूला चार खटके, ताणे सारख्या अंतरावर ठेवणारी आणि बाणे, म्हणजे आडवे धागे, ठोकणारी स्टीलची फणी. साडेचौदा हजार रुपये. या मागावरच्या कापडावर धागे मोजून भरतकाम करता येतं का, एवढंच मला बघायचं होतं. येतं, आणि फार देखणं येतं. फक्त एक भाग बदलून घ्यावा लागला.

विषय कसुतीचा होता. धारवाडकडची ही कला, पण इरकलीच्या पदरावर भरलेली ती कोल्हापूर-सोलापूरकडच्या कितीतरी कपाटांतही सापडते. कसुतीत नक्षी कापडावर छापून घेत नाहीत, ताणे-बाणे मोजत सुई जाते. म्हणून इंचात जितके उभे धागे, तितकेच आडवे बसायला हवेत. आडवे जास्त ठोकले गेले की नक्षीतलं तुळशी वृंदावन बसकं होतं, कमी पडले की गोपुर लांबुडकं दिसतं.

मी २/२० चं (२० नंबरचे दोन धागे पिळलेलं) सुती सूत आणि ३६ ची फणी वापरली : दोन इंचांत ३६ घरं, प्रत्येक घरात दोन ताणे, म्हणजे इंचाला ३६. तीन-तीन धाग्यांवर टाका घेतला की इंचात १२ टाके बसतात. या मागाची फणीची चौकट जड आहे आणि वरून टांगलेली आहे, त्यामुळे ठोका सरळ आणि सारखा पडतो. मी माग घेतला तो याचसाठी.

तक्रार कापड गुंडाळायच्या रुळाबद्दल आहे. त्याच्या चक्राचे दात फार मोठे. एक दात पुढे गेलं की ताणा कडक, मागे घेतलं की ढिला, मधलं काही नाही. ताण बदलला की ठोका तोच असूनही बाणे कमी-जास्त बसतात आणि कापडावर आडवे पट्टे उमटतात. लेथवाल्याकडून बारीक दातांचं चक्र करून बसवलं, तेव्हा पट्टे थांबले. तुम्ही ऑर्डर देतानाच तसं मागा.

मला सगळ्यात जास्त आनंद दिला तो नेगीने. नेगी म्हणजे धावदोऱ्याचे लांब-आखूड टाके ओळीने आडवे भरत जायचे. दुरून ते विणलेलेच वाटतात. मी वृंदावनाचा चौथरा पट्टीने ताणे उचलून जादा बाण्याने विणला आणि वरचा भाग तिथेच, मागावर ताणलेल्या कापडावर, त्याच सुताने सुईने भरला. विणकाम कुठे संपलं आणि सुई कुठे सुरू झाली, ते बोट फिरवूनही कळत नाही. मला हेच साधायचं होतं!

गवंती, म्हणजे दुहेरी धावदोरा, मात्र मागावर करू नका. तिच्या पहिल्या फेरीत सुटलेल्या जागा परतीच्या फेरीत भरतात आणि दोन्ही बाजू सारख्या दिसाव्या लागतात. मागाखाली मान घालून उलटी बाजू किती वेळा बघणार? शिवाय सुती कापड उतरवून धुतलं की आटतं. त्याच सुताची नेगी सोबत आटते, पण रेशमाची गवंती तेवढी आटत नाही आणि कापडाला चुण्या पडतात. आधी धुवा, वाळवा, मग गवंती आणि मुरगी (पायऱ्या-पायऱ्यांनी जाणारा टाका) करा.

चार शाफ्ट असल्यामुळे ट्विलही (तिरप्या रेघांची वीण) विणता येतं. पण तोच ठोका दिला तर ट्विलमध्ये बाणे जास्त दाटतात आणि मोजणी बिघडते. मी ट्विल काठापुरतं ठेवलं, भरतकामाची जमीन साध्या विणीची.

धुतल्यावर रुंदी १४ इंचांच्या आसपास उरते. रनर, पिशवी, उशीचा अभ्रा एवढ्याला पुरते, ओढणीला नाही. आणि मागवताना हील्डच्या तारा (शाफ्टवरच्या भोकाच्या तारा, प्रत्येकीतून एक ताणा जातो) मोजून घ्या. १६ इंचांना ३६ प्रमाणे ५७६ ताणे, म्हणजे दर शाफ्टला १४४ तारा लागतात. मागासोबत दर शाफ्टला १०० च आल्या होत्या. उरलेल्या वेगळ्या मागवाव्या लागतात, त्या त्याच ऑर्डरमध्ये सांगा.