मराठी नावांच्या फायली आणि ईझाचे रकाने : सात महिन्यांनंतर

एप्रिलात, आंब्याच्या ऐन धांदलीत ईझा (eza, टाइप केलेल्या आज्ञेवर फोल्डरातल्या फायलींची यादी दाखवणारा प्रोग्राम) बसवलं; आता नोव्हेंबर. गुहागरच्या घरी पेट्यांची बिलं, पावत्या, ट्रान्सपोर्टच्या चिठ्ठ्यांचे फोटो सगळं एकाच फोल्डरात पडतं आणि फायलींची नावं मी मराठीतच ठेवतो. याच कामाला आधी एलएस (ls, युनिक्स-लिनक्समधली जुनी आज्ञा) वापरायचो, मग एक्झा (exa). एक्झाची देखभाल 2023 मध्ये थांबली, म्हणून त्याच्याच कोडमधून पुढे काढलेलं हे ईझा घेतलं.

लाँग मांडणीवर (एका ओळीत एक फाइल, तिच्या माहितीसकट) मी खूश आहे. आकाराचे आकडे उजवीकडे टेकलेले, एकाखाली एक. परवानग्या आणि मालक हे रकाने काढूनच टाकले. मालक एकटा मीच. तारीख लाँग-आयएसओ (साल-महिना-दिवस आणि वेळ) केली. एलएसमध्ये सहा महिने उलटले की वेळ जाऊन तिथे साल बसतं. आता एप्रिलातली चिठ्ठी सकाळच्या गाडीची की रात्रीच्या, ते अजून कळतं. फक्त आकाराला फसू नका : 50 लाख बाइटची फाइल एलएस (वाचायला सोप्या आकड्यांत) 4.8 एम, म्हणजे मेगाबाइट, दाखवतं, ईझा 5.0. एक 1024 नं भागतं, दुसरं 1000 नं.

खरी गंमत ग्रिडमध्ये, म्हणजे नावं शेजारी-शेजारी अनेक रकान्यांत लावणाऱ्या मांडणीत. बाबा पाठीमागून डोकावले नि म्हणाले, "हे काय रे? पट्टी न लावता माझ्या वहीत याहून सरळ रकाने येतात."

बोलणं खरं होतं. ‘हापूस’ घ्या. डोळ्यांना अक्षरं तीन, संगणकाला चिन्हं पाच, यूटीएफ-8 (अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये बाइट 15. टर्मिनलमधल्या (आज्ञा टाइप करायची खिडकी) रुंदीच्या नेहमीच्या नियमानं घरं, म्हणजे एका अक्षराएवढ्या जागा, चार : काना स्वतःचं घर घेतो, खालचा ऊकार घेत नाही. ‘त्न’सारख्या जोडाक्षराला हा नियम दोन घरं धरतो. माझं जुनं टर्मिनल मात्र ‘त्न’ एकाच घरात कोंबायचं. मग ‘रत्नागिरी’ आलं की त्या ओळीतला पुढचा रकाना एक घर डावीकडे. दोष ईझाचा नाही, पण डोळ्याला खुपतं ते खुपतंच. आधी मीच बॅशच्या (टर्मिनलमधल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम) प्रिंटएफ या मजकूर छापायच्या आज्ञेनं यादी जुळवायला गेलो होतो, ते तर बाइट मोजतं : 20 ची रुंदी मागितली तर ‘हापूस’पुढे रिकाम्या जागा पाचच. दोन रात्री गेल्या त्यात, त्यातली एक वीज नसताना.

लाँगमध्ये हे का छळत नाही, ते उशिरा लक्षात आलं. नाव शेवटच्या रकान्यात. त्याच्यापुढे काही नाहीच, तर सरकणार काय? आता एलियासमध्ये (आज्ञेला आपण दिलेलं छोटं नाव) लाँगच पक्कं केलंय. लाँग आणि ग्रिड एकत्र मात्र लावू नका, नावांच्या उजवीकडे पुन्हा आकडे येतात आणि तोच घोळ.

बाबांना तेही पटलेलं नाही. "नाव आधी, मग पेट्या, मग पैसे." त्यांना दाखवायची यादी मी लिब्रेऑफिसात उघडून देतो.